इतिहासाची सुरुवात कुठून करायची?

इतिहासाच्या तासाबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार बहुतेक सगळीकडे सारखीच असते. सनावळ्या पाठ करायच्या, परीक्षेत उतरवायच्या आणि निकालानंतर विसरून जायच्या. जगाच्या इतिहासाच्या बाबतीत ही तक्रार अधिकच रास्त ठरते, कारण तिथे पाठ करण्याच्या गोष्टींना अंतच नसतो. ही अडचण सोडवण्याचा एक मोठा आणि पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झालेला आहे. कॉलेज बोर्ड ही संस्था तिथल्या शाळांतून 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचे अभ्यासक्रम चालवते. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास करायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची, अशी ही योजना आहे. जगाच्या इतिहासाची अशी पहिली परीक्षा २००२ साली झाली. अलीकडच्या वर्षांत ती देणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली आहे.

विज्ञानाच्या मासिकात इतिहासाच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्ही इतिहासकार नाही, प्रयोगशाळेत काम करणारी माणसे आहोत. पण या अभ्यासक्रमाचा दावा असा आहे की तो इतिहासाची माहिती देऊन थांबत नाही, इतिहासकारासारखा विचार करायला शिकवतो. विज्ञानशिक्षणात आपण नेमका असाच दावा करत असतो. म्हणून हा दावा कितपत खरा ठरतो, हे पाहण्यात आपल्यालाही रस असायला हवा.

तीन खांब

अभ्यासक्रमाची रचना तीन खांबांवर उभी आहे. पहिला खांब विषयसूत्रांचा. माणूस आणि पर्यावरण, संस्कृतींची घडण आणि देवाणघेवाण, राज्यकारभार, अर्थव्यवस्था, समाजरचना, तंत्रज्ञान आणि नवनिर्मिती अशी सहा सूत्रे ठरवलेली आहेत. राजघराण्यांची यादी देण्याऐवजी यांपैकी एखादे सूत्र हाती धरून शतकांतून आणि खंडांतून फिरायचे. दुसरा खांब कालखंडांचा. सध्याच्या आराखड्यात १२०० ते १४५०, १४५० ते १७५०, १७५० ते १९०० आणि १९०० नंतरचा काळ असे चार भाग येतात. तिसरा खांब इतिहासविचाराच्या कौशल्यांचा. घटना व प्रक्रिया समजावून सांगणे, साधन कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने निर्माण केले ते ओळखणे, साधनातला दावा आणि त्याचा पुरावा पारखणे, घटनेला तिच्या व्यापक परिस्थितीत ठेवून पाहणे, संबंध जोडणे आणि युक्तिवाद उभा करणे अशी सहा कौशल्ये सांगितली आहेत. यांच्या जोडीला तुलना, कार्यकारणभाव आणि सातत्य व बदल या विचाराच्या तीन रीती आहेत.

परीक्षाही याला धरूनच असते. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, तीन लघुत्तरी प्रश्न, एक दीर्घ निबंध, आणि सात साधने समोर ठेवून त्यांच्या आधारे लिहायचा आणखी एक निबंध. यांतला हा शेवटचा प्रकार आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

या रचनेचे बळ कुठे आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. चौदाव्या शतकातली प्लेगची महासाथ या अभ्यासक्रमात पहिल्याच कालखंडात येते. ही साथ युरोपात कशी पोचली याची एक कथा प्रसिद्ध आहे. काळ्या समुद्राच्या काठावरील काफा या शहराला १३४६ च्या सुमारास मंगोल फौजेने वेढा घातला होता. फौजेत प्लेग पसरला, तेव्हा त्यांनी गोफणयंत्रांनी प्रेते शहरात फेकली, तिथून पळालेल्या जहाजांनी रोग इटलीत नेला, अशी ही कथा. ती आपल्याला मिळते गाब्रिएले दे मुस्सी नावाच्या इटालियन लेखकाच्या वृत्तांतातून. साधनाची परीक्षा करायला शिकलेला विद्यार्थी इथे थांबून विचारतो, की हा गृहस्थ त्या वेळी कुठे होता? उत्तर असे, की तो त्या काळात पिआचेन्झा या आपल्या गावीच होता. म्हणजे वृत्तांत ऐकीव आहे. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण त्याचे वजन मात्र बदलते.

आता दुसऱ्या प्रकारचा पुरावा पाहा. आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या दोन जुन्या दफनभूमींत सिरियाक भाषेतले, सन कोरलेले ४६७ थडग्यांचे दगड मिळाले. त्यांतले ११८ दगड केवळ १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांचे आहेत, आणि काहींवर मृत्यूचे कारण 'महामारी' असे दिले आहे. तिथल्या सात व्यक्तींच्या दातांतील डीएनए तपासला गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिघांच्या दातांत प्लेगच्या जिवाणूचे अंश सापडले. कोरीव लेख, साधी मोजदाद आणि रेणुजीवशास्त्र या तीन स्वतंत्र वाटा एकाच जागी येऊन मिळाल्या. असे झाले म्हणजे निष्कर्षावरचा विश्वास वाढतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको. मात्र इसिक-कुलची साथ सातआठ वर्षांनी काफापर्यंत कोणत्या मार्गाने गेली, हे हा डीएनए सांगत नाही. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, ही रेघ विद्यार्थ्याला दिसली पाहिजे. विषयसूत्रे आणि कौशल्ये यांचा मेळ चांगला जमला तर ती दिसू शकते. या अभ्यासक्रमाचे हे श्रेय आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

काळावरच्या रेघा

आमचा पहिला आक्षेप कालखंडांबद्दल आहे. आधी त्यामागची हकीकत सांगायला हवी. मुळात हा अभ्यासक्रम मानवाच्या प्रारंभापासून आजपर्यंतचा होता. एका वर्षात दहा हजार वर्षे शिकवणे आणि त्यांवर परीक्षा घेणे अवघड जाते, असे कारण देऊन कॉलेज बोर्डाने मे २०१८ मध्ये जाहीर केले, की यापुढे परीक्षा १४५० पासूनच्या इतिहासावर होईल. त्यावर शिक्षक, विद्यार्थी आणि इतिहासकार यांच्याकडून जोरदार विरोध झाला. १४५० पासून सुरुवात केली तर युरोपीय जहाजे निघतात तिथेच जगाचा पडदा वर जातो. आफ्रिका, अमेरिका आणि आशिया यांतले लोक पहिल्यांदा दिसतात ते जिंकले जाणारे, विकले जाणारे किंवा व्यापारासाठी शोधले जाणारे म्हणून. त्याआधी त्यांचे स्वतःचे काही चालले होते, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही. हा आक्षेप बिनतोड होता. जुलै २०१८ मध्ये बोर्डाने सुरुवात १४५० वरून १२०० वर नेली, आणि २०१९ च्या शैक्षणिक वर्षापासून तो बदल लागू झाला. अभ्यासक्रमाच्या नावाला 'मॉडर्न' हा शब्द जोडला गेला.

अडीचशे वर्षांच्या या तडजोडीने मंगोल साम्राज्य, मालीचे राज्य आणि हिंदी महासागरातला व्यापार पदरात पडला, हे चांगलेच झाले. पण १२०० च का? त्या वर्षी जगात काय बदलले? चंगीझखानाला खान म्हणून मान्यता मिळाली १२०६ साली, पण त्याचा आफ्रिकेच्या किंवा अमेरिकेच्या इतिहासाशी संबंध नाही. खरे तर अशी रेघ नेहमीच सोयीची असते, आणि सोयीची असण्यात काही गैरही नाही. ती सोयीची आहे हे विद्यार्थ्याला सांगितले जाते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

प्लेगचेच सूत्र पुढे न्या. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू ओळखला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी हेरले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने मृत्यू आला, आणि घरझडतीच्या जुलमावरून रँडचा खून झाला. १८९८ मध्ये सिमाँ यांनी रोग पिसवांमार्फत पसरतो असे दाखवले. पुढच्या सुमारे दोन दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने मेली, आणि त्यांतली फार मोठी संख्या १९०० नंतरची आहे. आता अभ्यासक्रमाची १९०० ची रेघ या सगळ्याच्या मधोमध जाते. मुंबईतले पहिले रोगी एका कालखंडात आणि बहुसंख्य मृत्यू दुसऱ्यात, अशी वाटणी होते. राज्यकारभाराच्या किंवा युद्धांच्या सूत्राला १९०० ही रेघ चालेल. रोगांच्या सूत्राला ती चालत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. प्रत्येक सूत्राला स्वतःचे कालखंड असतात. तंत्रज्ञानाच्या सूत्रात १७१२ चे न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन महत्त्वाचे, तर पिकांच्या देवाणघेवाणीत १४९२ महत्त्वाचे. सहा सूत्रे आणि चार ठरलेले कालखंड यांचा चौकोनी तक्ता केला की दिसायला व्यवस्थित दिसतो, पण त्यातले बरेच चौकोन ओढूनताणून भरावे लागतात.

हा प्रश्न इतिहासकारांपुरता नाही, हे आम्हांला भूविज्ञानाच्या ताज्या अनुभवावरून सांगता येते. माणसाने पृथ्वीवर केलेल्या बदलांमुळे 'मानवयुग' नावाचा नवा भूवैज्ञानिक कालखंड मानावा, असा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत होता. २०२३ साली एका अभ्यासगटाने त्याच्या सुरुवातीची खूण म्हणून कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या तळाचा गाळ सुचवला. विसाव्या शतकाच्या मध्यातील अणुचाचण्यांतून आलेले प्लुटोनियम तिथल्या थरांत मोजता येते. मोजता येणारी, वर्षावर बोट ठेवता येईल अशी खूण हाती असूनही मार्च २०२४ मध्ये संबंधित उपआयोगाने हा प्रस्ताव बहुमताने फेटाळला. माणसाचा प्रभाव कोणी नाकारत नव्हते. शेती, जंगलतोड, वसाहती, कोळसा या सगळ्यांना बाजूला सारून १९५० च्या सुमारास एकच रेघ मारणे अनेकांना पटले नाही. दगडांवर रेघ मारणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर माणसांच्या व्यवहारावर रेघ मारताना किती जपायला हवे! कालखंड हे विचाराचे अवजार आहे. विद्यार्थ्याच्या हाती ते द्यायचे तर ते मोडून पुन्हा जोडण्याची मुभाही दिली पाहिजे. परीक्षेने आखलेल्या कालखंडांत ती मुभा राहत नाही.

रेघेपलीकडे काय राहिले

दुसरा आक्षेप गाळलेल्या भागाबद्दल आहे. शेतीचा उगम, पहिली शहरे, लिपी, लोखंड, मोठ्या धर्मांचा उदय हे सारे आता या परीक्षेबाहेर आहे. 'ते खालच्या इयत्तेत शिकवा' असे म्हणता येते. पण आमच्या मते तोटा केवळ माहितीचा नाही. जुन्या काळाबद्दल साधने थोडी आणि तुटक असतात, आणि म्हणूनच पुराव्याने विचार करण्याचे शिक्षण तिथे अधिक चांगले होते.

एक उदाहरण देतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरे आहेत, आणि पैठण व तेर येथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या गोमेदाचा आणि कापडाचा उल्लेखही आहे. याच शतकात रोमचा प्लिनी तक्रार करतो, की भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि त्या बदल्यात आलेला माल इथे शंभरपट किमतीला विकला जातो. हे वाक्य आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते तपासून पाहू.

तक्रार शब्दशः खरी मानली तर या मालाची रोममधली विक्री ५०० कोटी सेस्टर्स होते. आधुनिक अभ्यासकांच्या अंदाजानुसार दुसऱ्या शतकाच्या मध्यास संपूर्ण रोमन साम्राज्याचा वार्षिक सरकारी खर्च ८० ते १०० कोटी सेस्टर्सच्या घरात होता. एका दिशेच्या चैनीच्या व्यापाराची विक्री राज्याच्या एकूण खर्चाच्या पाचपट असणे संभवत नाही. दोन आकड्यांपैकी एक तरी फुगवलेला आहे.

तपासायला आणखी एक साधन आहे. व्हिएन्नात जपून ठेवलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर मुझिरिस या केरळातील बंदराशी व्यापार करणाऱ्या हर्मापोलॉन नावाच्या जहाजातील मालाचा हिशेब आहे. चौथाई जकात वजा जाता उरलेल्या मालाची किंमत तिथे सुमारे ६९ लाख सेस्टर्स भरते, म्हणजे मूळ माल सुमारे ९२ लाखांचा. प्लिनीची शंभरपट खरी धरली तर हा माल भारतात ९२ हजारांना घेतला असेल, आणि ५ कोटी खर्च करायला अशी जवळजवळ ५४३ जहाजे लागतील. दहापट धरली तर ५४ जहाजे पुरतात. भूगोलकार स्ट्राबो सांगतो, की त्याच्या वेळी मायोस होर्मोस या बंदरातून वर्षाला सुमारे १२० जहाजे भारताकडे जात. आता १२० च्या जवळ कोणता आकडा येतो? ५४ हा आकडा निदान त्याच पट्टीतला आहे, ५४३ नाही.

अर्थात यात गृहीतके बरीच आहेत. स्ट्राबो, प्लिनी आणि तो पपायरस यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि प्रत्येक जहाज हर्मापोलॉनएवढे मोठे खासच नसणार. १२० जहाजे तेवढीच भरलेली असती तर वर्षाचा माल ११० कोटींचा, म्हणजे साम्राज्याच्या खर्चाहून मोठा झाला असता. पण आता प्लिनीचा हेतूही ध्यानात येतो. चैनीवर आणि सुगंधी द्रव्यांवर टीका करताना तो दुसरीकडेही असे आकडे देतो. त्याला हिशेब मांडायचा नव्हता, रोमला लाज आणायची होती. व्यापार मोठा होता हे या सगळ्यांतून ठरतेच. 'शंभरपट' मात्र ठरत नाही. आठवीनववीच्या मुलांना जमेल अशा गुणाकार-भागाकारातून साधनाचा हेतू, दाव्याचा पुरावा, व्यापक परिस्थिती ही सारी कौशल्ये इथे एकत्र येतात. कल्याणच्या किंवा तेरच्या शाळेत हे शिकवताना शिक्षकाला खिडकीबाहेर बोट दाखवता येईल. १२०० च्या रेघेने हे उदाहरण परीक्षेबाहेर जाते.

यावर आपण अमेरिकेला हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे एनसीईआरटीने २००६ साली अकरावीसाठी जगाच्या इतिहासातील विषयसूत्रांवर एक पाठ्यपुस्तक काढले. अकरा प्रकरणे, प्रत्येकात साधने, नकाशे, प्रश्न. विषयसूत्रांच्या पद्धतीचे ते आपल्या देशातले उत्तम उदाहरण म्हणता येईल. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली त्यातून चार प्रकरणे गळाली: मानवाचा प्रारंभ, मध्यवर्ती इस्लामी प्रदेश, अमेरिकेतील संस्कृतींशी युरोपचा संघर्ष आणि औद्योगिक क्रांती. त्याच छाटणीत दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भागही काढला गेला, आणि त्याविरुद्ध २०२३ मध्ये देशातील अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निवेदनावर सह्या केल्या. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात राहिली, पण ती विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यासाठी. कलाशाखेकडे जाणाऱ्या मुलाला माणूस कुठून आला याची साधार मांडणी इतिहासाच्या त्या पहिल्या प्रकरणात भेटत होती. दोन्ही दारे एकाच वेळी बंद झाली. विज्ञानाचे लोक दहावीबद्दल बोलले, ते योग्यच झाले. पण इतिहासाच्या पुस्तकातून तोच विषय गेला त्याची आमच्यापैकी फारच थोड्यांनी दखल घेतली. ती चूक आमची आहे.

औद्योगिक क्रांतीचेही तसेच. १७५० च्या सुमारास हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षांत सुमारे २८० भाग होते. २०१५ च्या सुमारास ते ४०० च्या वर गेले. हा आलेख विज्ञानाच्या तासाला दाखवायचा आणि तो चढू का लागला हे सांगणारे प्रकरण इतिहासातून काढायचे, यात कोणता भार कमी होतो?

कौशल्यांची यादी आणि गुणांची यादी

तिसरा आक्षेप परीक्षेबद्दल आहे. साधनांवर आधारलेल्या निबंधाला सात गुण असतात. प्रतिपाद्य विधानाला एक, व्यापक परिस्थितीला एक, पुराव्याला तीन, विश्लेषणाला दोन. तपासणीत सारखेपणा यावा म्हणून अशी वाटणी लागते, हे आम्हांला कळते. पण तिचा परिणामही ठरलेला आहे. 'साधनाचा हेतू' लिहिल्याने गुण मिळतो हे समजले की विद्यार्थी प्रत्येक साधनाला एक हेतू चिकटवू लागतो, मग त्या हेतूने निष्कर्षात काही फरक पडो वा न पडो.

आपल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत दुसरे काय होते? साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढण्याच्या प्रयोगात उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे हे मुलांना आधीच माहीत असते. मग उत्तरापासून मागे येत निरीक्षणे 'घेतली' जातात. निरीक्षण, कोष्टक, आकडेमोड, निष्कर्ष हे मथळे सगळे जागच्या जागी असतात. प्रयोग मात्र झालेला नसतो. आम्हीही विद्यार्थी असताना हे केले आहे. कौशल्याचे नाव आणि कौशल्य यांत किती अंतर पडू शकते, हे त्यामुळे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

शिवाय त्या सात साधनांची निवड परीक्षकाने केलेली असते. ती सोयीच्या लांबीची असतात, आणि सगळी विषयाशी संबंधित असतात. खऱ्या अभ्यासात अर्धा वेळ साधन शोधण्यात जातो, आणि मिळालेल्यांतली बरीच निरुपयोगी निघतात. कोणाचा आवाज साधनांत आलेलाच नाही, हा इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अशा संचापुढे बसून सुचणे कठीण आहे.

आणि सहा कौशल्यांच्या यादीत मोजमापाला स्वतंत्र स्थान नाही, ही उणीव आम्हांला विशेष जाणवते. नकाशे आणि आकडेवारी वाचायला सांगतात, पण वस्तू हाती घेऊन मोजणे, अंदाज बांधणे, चूक किती असेल ते सांगणे हे कौशल्य म्हणून येत नाही. याबाबतीत आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा वस्तुपाठ आहे. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने तक्षशिलेच्या जुन्या आहत नाण्यांची वजने घेतली. चलनात असताना नाणे झिजते, म्हणून झिजेवरून नाण्यांचा क्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. तो पारखण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणी मोठ्या संख्येने तोलली. राजाचे नावही नसलेल्या नाण्यांना त्यांनी तराजू आणि संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने बोलते केले.

आपल्या वर्गासाठी

एवढे आक्षेप घेऊनही हा अभ्यासक्रम टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. विषयसूत्रे, कालखंड आणि कौशल्ये या तिन्ही कल्पना घेण्यासारख्या आहेत. फक्त त्यांचा तक्ता करून भिंतीवर टांगू नये. आपल्याकडे तासिका थोड्या आणि वर्गात मुले साठ, ही अडचण खरीच आहे. म्हणून वर्षाकाठी चार तासांत बसेल एवढेच सुचवतो.

एक सूत्र निवडावे. प्लेग, कापूस, मीठ, कागद, काहीही चालेल. मुलांना त्याच्या दहा-बारा घटना सनांसह द्याव्यात आणि त्यांच्यावर स्वतः रेघा मारून कालखंड पाडायला सांगावे. दोन गटांच्या रेघा जुळणार नाहीत. मग प्रत्येक गटाने आपली रेघ तिथेच का, हे सांगावे. दुसऱ्या तासाला एकच साधन घ्यावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: लिहिणारा तेव्हा कुठे होता, आणि त्याला कोणाला काय पटवायचे होते? तिसऱ्या तासाला साधनातला एखादा आकडा गुणाकार-भागाकाराने तपासावा. गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेतले तर फारच चांगले. चौथ्या तासाला एकाच नमुन्याची, वेगवेगळ्या सालांची रुपयाची नाणी गोळा करून प्रयोगशाळेच्या तराजूत तोलावीत. आजची पोलादी नाणी फार कमी झिजतात, आणि तो फरक शाळेच्या तराजूला कदाचित दिसणारही नाही. दिसला नाही तर तसेच लिहावे: आमच्या तराजूची अचूकता एवढी, नाण्याची झीज त्याहून कमी असावी, म्हणून या वजनांवरून क्रम लावता येत नाही. उत्तराकडून मागे न येता लिहिलेले असे एक वाक्य वहीत उतरले, तर त्या दिवशी इतिहासाचा तास झाला आणि विज्ञानाचाही.